काळं कापड

भरमाण्णाच्या स्टुडिओत माझं काम एवढंच :
उजेड धरायचा.
खानापुरात, स्टेशन रोडला. बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी,
आणि मधोमध एक पिवळा बल्ब,
त्याला दोन्ही लिप्या सारख्याच.

थर्माकोलचा तुकडा,
सिगरेटच्या चांद्या चिकटवलेला पुठ्ठा,
दांडा मोडलेली पांढरी छत्री.
"जरा वर. आणखी. अरे, हनुवटीखाली दे तिच्या,
छताला काय दाखवालास?"

तिथंच कळलं
उजेड कुणापाशी कसा वागतो ते.
जांभ्याच्या भिंतीला नवरदेव उभा केला
तर भिंत लाल तेवढं परत देते, बाकीचं गिळते,
आणि तो उगाच लाजल्यासारखा दिसतो.
नव्या स्टीलच्या घागरीत अख्खा मांडव मावतो,
पण सगळ्या व्याह्यांची पोटं सुटलेली.
दुधाचं तसं नाही.
दूध उजेडाला आत घेतं, फिरव फिरव फिरवतं
आणि चहूकडून थोडा थोडा सोडतं,
आमच्या गल्लीत पाहुणा शिरला की
चार घरचा चहा झाल्याशिवाय जसा सुटत नाही.

काचेचं मात्र काही खरं नाही.
"नाक्यावरल्या पोलिसासारखी," भरमाण्णा म्हणायचा,
"शंभरातल्या शहाण्णवांना सोडते,
चौघांना माघारी धाडते,
आणि ते चौघेच गावभर बोंबलत सुटतात."

दसऱ्याच्या आधी नंदगडहून नीलव्वा आली.
पिशवीत टॉवेल, टॉवेलात फ्रेम,
फ्रेमीत आईचा एकुलता एक फोटो.
ओल धरून कागद काचेला चिकटलेला.
सोडवायला जावं
तर निम्मी आई काचेवर राहणार, निम्मी पुठ्ठ्यावर.
"ह्याच्यावरनं मोठा करून द्या. नव्या घरात लावायचाय."

काचेतूनच काढायचं ठरलं.
दोन दिवे दोन अंगांना, तिरके,
म्हणजे आलेला उजेड पलीकडनं निघून जाईल,
भिंगात शिरायचा नाही.
"येतो त्याच कोनात जातो," भरमाण्णा पुटपुटला,
"माणसापेक्षा बरा."
मग माझं काम उलटं झालं.
काळी मखमल दोन्ही हातांत ताणून मी उभा,
मधे भोक, भोकातून भिंग.
आजवर धरला तो उजेड,
आता धरायचा होता अंधार,
आणि तो जड असतो,
पाच मिनिटांत खांदे सांगतात.

दारात उभी नीलव्वा म्हणाली, "बेळकु साकेन्री?"
मी म्हणालो, "जास्तच हाय, मावशी."
खट.

चौथ्या दिवशी प्रिंट आली.
आई आली होती. नथ, इरकलीचा पदर,
कुंकू काळं, कारण त्या काळच्या फिल्मला
लाल दिसतच नसे.
पण डाव्या खांद्यापाशी,
जिथं मखमल बोटभर ढळली होती,
एक धूसर चेहरा, डोळे बारीक करून बघणारा.
बाहेरचं ऊन त्याच्या एका गालावर.

भरमाण्णानं शिवी गिळली, ब्रश उचलला.
"तासाभराचं काम. पुसून देतो."
नीलव्वानं प्रिंट दाराकडं नेली, तिरपी केली,
चमक गेली तशी थांबली.
बराच वेळ.
बाहेर कुणाची तरी गाडी मागं घेताना
आरशाचा कवडसा आमच्या भिंतीवरून सरकला,
तिच्या हातावरून, फोटोवरून,
आणि गेला.

"ब्याड," ती म्हणाली. "राहू दे.
दोघींचा असा एक बी न्हवता."

भरमाण्णानं पैसे एकीचेच घेतले.
माझी त्या दिवसाची हजेरी,
कापड नीट धरलं नाही म्हणून,
अर्धी.